पसारा लायसनने घातलेला पसारा

नागपुरात डिटेक्टिव्ह एजन्सी सुरू करायला कागद फार लागत नाहीत. पॅन, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), गुमास्ता (दुकान-ऑफिसची नोंदणी). दोन-तीन माणसांच्या ऑफिसला गुमास्ता म्हणजे नुसती ऑनलाइन सूचना. माझं एवढं आठवड्यात उरकलं. घोडं अडलं ते बँकेत, करंट अकाउंटवर.

फाइल उघडताच प्रश्न आला, "पसारा लायसन?" पसारा म्हणजे 2005 चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा. माणसाचं किंवा मालमत्तेचं रक्षण करणाऱ्यांना, म्हणजे गार्ड पुरवणाऱ्यांना तो लागू. तपास करणाऱ्यांसाठी वेगळं विधेयक 2007 साली राज्यसभेत आलं होतं, पण त्याचा कायदा झालाच नाही. म्हणजे डिटेक्टिव्हला जे लायसन सरकार देतच नाही, ते मी आणून दाखवायचं! दुसऱ्या खेपेला "वर विचारतो", मग आठ दिवस शांतता. मधल्या काळात एक एजंट भेटला. म्हणे, पसारा लायसन काढूनच घ्या, एका जिल्ह्याची फी 5000 रुपये. त्याचं कमिशन वेगळं. त्या वाटेला जाऊ नका. गार्डचं प्रशिक्षण, गणवेश, नोंदवह्या हे सगळं मागे लागतं आणि आपल्याला तर एकही गार्ड ठेवायचा नसतो.

तिसऱ्या खेपेला खरी गोम कळली. आतल्या साहेबांनी उद्यम सर्टिफिकेटवरच्या व्यवसायाच्या कोडवर पेन टेकवलं: 80100. तो खासगी सुरक्षेचा. तपासाचा कोड 80300. सायबर कॅफेवाल्याने यादीतला पहिला दिसला तो टिक केला होता आणि मीही न वाचता ओटीपी दिला होता. म्हणजे बँक अडून बसली ती माझ्याच कागदामुळे. राग मात्र अजून गेला नाही, हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.

उद्यममधली दुरुस्ती फुकट होते. सोबत बँकेला एक स्वयंघोषणापत्र द्या, "आम्ही गार्ड पुरवत नाही, फक्त चौकशी व पडताळणी करतो", आणि पसाराच्या कलम 2 ची प्रत जोडा. फर्मच्या नावात 'सिक्युरिटी' शब्द चुकूनही नको.

जीएसटी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नाही. प्रोफेशन टॅक्सचे 2500 मात्र दरसाल.

काम घेताना क्लायंटचं ओळखपत्र आणि चौकशीचं कारण लेखी घ्या. कॉल डिटेल्स कुणी कितीही पैसे देवो, नाही म्हणा. 2018 मध्ये ठाण्यात याच प्रकरणात खासगी डिटेक्टिव्ह आत गेले होते. व्हिडिओ कोर्टात जाणार असेल तर मूळ मेमरी कार्ड पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली तर बदलणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) भरावी लागते, आणि ती फाइल कार्डातून काढतानाच नोंदवलेली बरी.

हो, गुमास्त्याला पाटीचा फोटो जोडाल तेव्हा पाटी मराठीत हवी. मी तोही दोनदा काढला.