रडवणारं पुस्तक कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून

गावाकडून मुंबईत उपचारासाठी आलेल्या कॅन्सरच्या पेशंटांची आणि त्यांच्या घरच्यांची एक धर्मशाळा आहे. दर गुरुवारी संध्याकाळी मी तिथे तासभर पुस्तक वाचून दाखवते. सध्या ‘श्यामची आई’ चालू आहे, तेही तिसऱ्यांदा. हे ऐकलं की लोक हमखास विचारतात, ‘‘बाई, ही माणसं आधीच गांजलेली. त्यांना आणखी रडवता कशाला? देवावर भरवसा ठेवला आणि सगळं नीट झालं, असं काही वाचा ना.’’

सुरुवातीला तसंच वाचायचे. आजीच्या तोंडून ऐकलेल्या श्रावणातल्या कहाण्या मला अजून येतात. राजानं गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतवलं तरी गाभारा भरेना. घरच्या लेकरा-वासरांना आधी पाजून म्हातारीनं खुलभर दूध आणलं आणि तो भरला. ही कहाणी मला फार प्रिय आहे, कारण देवाच्या आधी तिच्यात वासरांची भूक येते. पण पुष्कळशा कहाण्या वशाचा हिशेब मांडतात. उतली नाही, मातली नाही, घेतला वसा टाकला नाही, म्हणून गेलेलं परत मिळालं. सुफळ संपूर्ण.

माझा धाकटा भाऊ अडतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या आजारपणात आईनं सोळा सोमवार केले, मीही नवस बोलले. भेटायला येणारे मायेपोटी पुस्तकं आणायचे आणि त्यांतलं माणूस दर वेळी मरणाच्या दारातून परत यायचं, कारण घरच्यांची श्रद्धा अढळ होती. भाऊ गेल्यावर महिनाभरानं आई रात्री उठून बसली आणि म्हणाली, ‘‘उद्यापनात माझं काही राहिलं का गं?’’ तेव्हापासून त्या पुस्तकांवर माझा राग आहे. ज्याचं माणूस वाचलं त्याला ती आनंद देत असतील. ज्याचं गेलं त्याच्या पदरात ती दोष टाकतात.

‘श्यामची आई’त असा दोष कुणाच्याच पदरात पडत नाही. पहिल्याच प्रकरणात आजारी आई श्यामला आपल्याऐवजी वडाला प्रदक्षिणा घालायला पाठवते. मुलं हसतील म्हणून तो लाजतो. देवाचं काम करताना कसली लाज, पाप करताना वाटावी, असं ती त्याला समजावते. इतकी ती भाविक. आणि तिच्या वाट्याला येतं काय? धाकटा यशवंत जातो. घर कर्जात बुडतं, जप्तीची दवंडी पिटली जाते, अब्रूचे धिंडवडे निघतात. ती अंथरुणाला खिळते, आणि श्याम घरी पोचतो तेव्हा राख तेवढी उरलेली असते. शेवटच्या क्षणी मुलगा पोचला, असं लिहायला लेखकाला काय लागलं असतं? साने गुरुजींनी ते लिहिलं नाही. त्यांची स्वतःची आई 1917 साली गेली होती. पंधराएक वर्षांनी, फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत हे पुस्तक लिहिलं. त्याला कादंबरी म्हणा, आठवणी म्हणा. आईला वाचवण्यासाठी त्यांनी खोटं लिहिलं नाही, याचं मला मोल वाटतं.

मग त्यात श्रद्धा कुठे आहे, असं कुणी विचारलं तर मी मोळीच्या प्रसंगाकडे बोट दाखवते. म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावरची मोळी खाली पडलेली असते. शिवाशिवीच्या त्या काळात आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. देवाला सारीच प्रिय. त्या माउलीची श्रद्धा मला नवसात दिसत नाही, या मोळीत दिसते. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी मे 1947 मध्ये उपोषणाला बसले, तेव्हा ती मोळी त्यांच्या डोक्यावरून उतरलीच नव्हती, असं मला वाटतं.

‘‘पण त्यांनी स्वतःच 1950 साली जीवन संपवलं, मग त्या श्रद्धेचा उपयोग काय झाला?’’ हेही मला विचारलं गेलं आहे, एकदा धर्मशाळेतच. मी ते टाळत नाही. इतकं कोवळं मन इतकं सोसत होतं, हे जाणून मी ते पुस्तक आणखी जपून हातात धरते. आणि तिथं कुणी एकटं एकटं बसू लागलं की वाचन थांबवून आधी त्याच्याशेजारी जाऊन बसते.

या पुस्तकाची घडणही तिथं उपयोगी पडते. प्रकरणांना रात्री म्हटलंय, एकूण बेचाळीस. आश्रमातली प्रार्थना झाली की श्याम बोलतो, भोवती मित्र बसून ऐकतात. दुःख सांगणाऱ्याला ऐकणारी माणसं पुस्तकातच बसलेली आहेत. आमची मंडळी सतरंजीवर बसतात आणि नकळत त्यांच्यात मिसळतात.

मागच्या पावसाळ्यात चौथी रात्र वाचली, यशवंताची. एक बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाची केमो चालू होती. मला वाटलं, आज मी चुकले. वाचून झाल्यावर त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, ‘‘म्हंजी तिचंबी गेलं. आन तिनं तर काय वंगाळ केलं न्हवतं.’’

‘‘नव्हतं,’’ मी म्हटलं.

‘‘मंग माजंबी न्हाई.’’

त्या खाली बसल्या आणि पोराच्या जन्माच्या वेळची गोष्ट सांगू लागल्या, पहिल्या कळेपासून. पुढची रात्र राहिली. स्वयंपाकघरातून ताटांचा आवाज आला तरी कुणी उठलं नाही.