शंभर टक्के वेग: एमएमएक्स १६६ वर परत

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. ८६बॉक्सवर, म्हणजे जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उभा करणाऱ्या एम्युलेटरवर, विंडोज ९८ सेकंड एडिशन नीट चालतंय. पानं मांडायचं पेजमेकर ६.५ उघडतंय. जुने खेळही चालतायत: क्वेकला संगीत मिळालं, डिगर माणसाच्या वेगाने पळतोय आणि आईने केलेल्या सत्तावीस लग्नपत्रिका पडद्यावर मराठीत दिसतायत. प्रिन्स ऑफ पर्शियात मात्र मी अजून आठव्या पातळीवर मरतोय. त्यात एम्युलेटरचा काही दोष नाही.

हे सगळं सुरू झालं ते ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून. सध्या मुक्काम खाडीपलीकडे, कळव्याला भाड्याच्या घरात. माळा रिकामा करताना चपलांच्या एका खोक्यात एक्केचाळीस फ्लॉपी सापडल्या. पीसी २००९ मध्येच भंगारवाल्याला गेला होता, तराजूत घालून. आई १९९७ पासून सात-आठ वर्षं घरून डीटीपी करायची: लग्नपत्रिका, हँडबिलं, क्लासच्या प्रश्नपत्रिका, अधूनमधून दिवाळी अंकाची चार पानं. रात्री तिचं काम संपलं की मशीन माझं. म्हणजे खोक्यात दोघांचाही ऐवज होता.

पहिली चूक मी हौसेपोटी केली. एम्युलेटरमध्ये मशीन फुकटच असतं, मग कंजुषी कशाला? पेन्टियम टू ३०० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, वर थ्रीडीएफएक्सचं व्हूडू टू हे खेळांसाठीचं ग्राफिक्स कार्ड. कॉलेजात असताना ज्याच्या नुसत्या गप्पा मारायचो, ते सगळं एका विंडोत बसवलं. मशीन सुरू झालं. ८६बॉक्स वरच्या पट्टीत वेगाची टक्केवारी दाखवतो (१०० म्हणजे खऱ्या मशीनइतका वेग), तिथे आकडा होता ५८. आवाज भिजलेल्या ढोलकीसारखा, फुटका आणि मध्येच गायब.

नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी इथे जरा थांबतो, कारण माझे दोन आठवडे याच गोष्टीने खाल्ले. डॉसबॉक्स हा दुसरा एम्युलेटर डॉसचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्याच्या सिस्टिमचं, सोंग वठवतो आणि खेळ चालावेत एवढंच बघतो. ८६बॉक्स अख्खा पीसी उभा करतो: बायोस, मदरबोर्डचा चिपसेट, ग्राफिक्स कार्ड, फ्लॉपी कंट्रोलर, सगळं. म्हणून बायोसच्या रॉम फाइली वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि म्हणूनच तो खऱ्या मशीनसारखा रुसतोही. आतल्या प्रोसेसरची एकेक सूचना बाहेरच्या प्रोसेसरला कितीतरी सूचना खर्चून पार पाडावी लागते आणि हे काम मुख्यतः एकाच कोअरवर पडतं. तुमच्या लॅपटॉपला आठ कोअर असले तरी बाकीचे नुसते बघे. माझा लॅपटॉप सहा वर्षांचा, बॅटरी केव्हाच मेलेली, त्यात मे महिन्यातलं कळवा. पंख्याच्या आवाजाने शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, मिक्सर लावलायस का.

वेग कमी पडला तर खेळ नुसता हळू होईल, असं मला वाटलं होतं. पण खोक्यातून निघालेल्या एका फ्लॉपीवर कॉलेजात टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली माझी सापशिडी होती. ती या 'भारी' मशीनवर सुरूच होईना. 'रनटाइम एरर २००' म्हणायची आणि बंद पडायची. २०० म्हणजे शून्याने भागाकार. प्रत्यक्षात शून्य कुठेच नाही. टर्बो पास्कलचं सीआरटी युनिट, म्हणजे पडदा आणि कळा सांभाळणारा तयार भाग, सुरुवातीला सिस्टिमच्या घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं लूप किती वेळा फिरतं ते मोजतं, आणि त्या आकड्याला ५५ ने भागून डिलेचा, म्हणजे मध्ये किती थांबायचं याचा, हिशेब बसवतं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे उत्तर इतकं मोठं होतं की ते १६ बिटांत मावत नाही, आणि प्रोसेसर ते शून्याने भागाकार झाल्यासारखंच कळवतो. यावर पॅच, म्हणजे दुरुस्तीची ठिगळं, आहेत, मान्य. पण ज्या मशीनवर ती सापशिडी लिहिली, त्यावर पॅच लागला नव्हता.

तेव्हा मुकाट्याने आमच्या घरी होतं तेच मशीन लावलं. पेन्टियम एमएमएक्स १६६, इंटेल ४३०टीएक्स चिपसेट, ३२ एमबी रॅम, एस३ ट्रायो६४ ग्राफिक्स, २.१ जीबीची डिस्क. वरच्या पट्टीत १००. आवाज स्वच्छ. सापशिडी पहिल्या फटक्यात. पंखाही गप्प.

इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहीत नाही, एकच सांगतो. सीडीवरच्या कॅब फाइली (विंडोजच्या दाबून बांधलेल्या फाइली) आधी सी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा आणि सेटअप तिथूनच चालवा. नाहीतर पुढे प्रत्येक ड्रायव्हर टाकताना विंडोज सीडी मागत बसतं. मला बावन्न मिनिटं लागली. मध्येच वीज गेल्यावर एकदा पुन्हा पहिल्यापासून, तो वेळ धरलेला नाही. पहिल्यांदा ढगांचं चित्र आलं तेव्हा मुलगी मागे उभी होती.

"बाबा, हँग झालाय का?"

"नाही गं, सुरू होतोय."

"अजून?"

बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची ती इंग्रजी ओळ येते. मग बटण आपणच दाबायचं. मुलीला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

डॉसच्या खेळांसाठी साउंड कार्ड निवडताना साउंड ब्लास्टर १६ चा साधा प्रकार घ्या, प्लग अँड प्ले नको. प्लग अँड प्ले कार्डाला निव्वळ डॉसमध्ये जागं करायला आणखी एक प्रोग्रॅम चालवावा लागतो आणि मग कॉन्फिग फाइलची लढाई सुरू होते. साध्या कार्डाला ऑटोएक्झेकमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत, ब्लास्टरची एक ओळ पुरते: ए२२० आय५ डी१ एच५ टी६. पत्ता, आयआरक्यू, दोन डीएमए आणि कार्डाचा प्रकार. ही ओळ मला अजून पाठ होती. बायकोचा फोन नंबर पाठ नाही, ही गोष्ट घरात निघाली तेव्हा मी विषय बदलला.

मेमरीचं जुनं दुखणंही परत आलं. रॅम ३२ एमबी असली तरी डॉसच्या खेळाला हवी असते ती पहिल्या ६४० केबीतली मोकळी जागा. सीडीचा ड्रायव्हर, माउसचा ड्रायव्हर, जो तो तिथेच पथारी पसरतो. १९९१ चा लढाऊ विमानाचा खेळ फाल्कन ३.० या बाबतीत हावरट म्हणून बदनाम आहे. सीडीसाठीच्या एमएससीडीईएक्सऐवजी कमी जागा खाणारा शूसीडीएक्स, मायक्रोसॉफ्टच्या माउस ड्रायव्हरऐवजी सीटीमाउस, बाकीचं डिव्हाइसहाय या आज्ञेने ६४० केबीच्या वर ढकललं, आणि ५७१ केबीवरून ६१२ पर्यंत आलो. एक अख्खी संध्याकाळ गेली. विमान दोन मिनिटांत पाडलं, माझंच.

डिगरसाठी मात्र एमएमएक्ससुद्धा फार वेगवान. हा १९८३ चा खेळ ४.७७ मेगाहर्ट्झच्या आयबीएम पीसीसाठी बनलेला. आधुनिक वेगात राक्षस दिसायच्या आत गिळतात. ८६बॉक्समध्ये वेगळं मशीन मांडलं, ८०८८ प्रोसेसर आणि त्याच काळातलं सीजीए ग्राफिक्स कार्ड, आणि तो हिरे खणणारा पिटुकला पुन्हा आटोक्यात आला. दोन मशीनं ठेवायला टेबलावर जागा लागत नाही, एवढा एकच फायदा मी एम्युलेशनच्या बाजूने मनापासून मान्य करतो. प्रिन्सचं तसं नाही, तो टायमरवर चालतो. एक तास म्हणजे एकच तास, कुठल्याही मशीनवर.

क्वेकचा घोळ वेगळाच. खेळ चालला, पण मुका. गोळ्यांचे आवाज येतात, संगीत नाही. दोन दिवस साउंड कार्डाच्या सेटिंगशी झटत बसलो, आणि चूक होती सीडीच्या इमेजमध्ये, म्हणजे फाइलीत उतरवलेल्या सीडीच्या प्रतीत. क्वेकचं संगीत फाइलींत नाही, ते त्याच सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून आहे, कॅसेट-सीडीच्या दुकानातल्या सीडीसारखं. आयएसओ इमेजमध्ये फक्त डेटा ट्रॅक येतो, गाणी मागेच राहतात. बिन-क्यू स्वरूपात परत इमेज केली आणि लगेच तो गूढ घुमणारा आवाज आला. ज्यांच्याकडे १९९६-९७ च्या सीडी आहेत त्यांनी त्या आयएसओ करून फेकून देऊ नयेत, हात जोडून विनंती.

आता फ्लॉपींबद्दल. ठाण्याचा पावसाळा अठरा-वीस वेळा सोसलेली फ्लॉपी बाहेरून ठणठणीत दिसते. धातूचं झाकण सरकवा आणि मधली चकती हलकेच फिरवत उजेडात धरा. पांढुरके, भाकरीवरच्या बुरशीसारखे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. मी पहिल्या दोन घातल्या. बुरशी हेडला चिकटली आणि हेडने तिसरीवर गोल ओरखडा काढला. त्यानंतर शहाणपण आलं: आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचा बोळा, चकती थोडी थोडी फिरवत दोन्ही बाजू पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, दर दोन-तीन फ्लॉपींनंतर ड्राइव्हचं हेडही साफ करायचं. यूएसबी ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवर जुन्यात मिळाला. कॉपीसाठी डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम, कारण तो खराब सेक्टरपाशी अडून बसत नाही. आधी चांगलं ते उचलतो आणि मग उरलेल्याकडे पुन्हा पुन्हा वळतो. इमेज पूर्ण निघाली की फाइल बरोबर १४,७४,५६० बाइटची होते: ८० ट्रॅक, दोन बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. एक्केचाळीसपैकी तेहतीस पूर्ण निघाल्या, पाच अर्धवट, तीन गेल्या. गेलेल्यांत ती ओरखड्याची आहेच.

इमेज ८६बॉक्सच्या ए ड्राइव्हला लावली, पेजमेकरमध्ये पहिली पत्रिका उघडली आणि समोर इंग्रजी अक्षरांचा खच. हे अपेक्षितच होतं. विंडोज ९८ ला देवनागरी ठाऊकच नाही, मायक्रोसॉफ्टने तिची सोय विंडोज २००० पासून केली. त्याआधीचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरीची तुकड्यातुकड्यांची चित्रं. हिंदी पट्ट्यात गाजलेल्या कृती देवमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलीत 'ई, जे, के, कॅपिटल बी, एच' असा असतो. आमच्याकडचा फॉन्ट वेगळा, तत्त्व तेच. फॉन्टच्या टीटीएफ फाइली सुदैवाने 'बॅकअप ४' लिहिलेल्या फ्लॉपीत होत्या. त्या टाकल्या, पेजमेकर पुन्हा उघडला आणि गणपतीखाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून' उमटलं. खाली कोपऱ्यात 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!'

टायपिंगच्या पॅकेजला प्रिंटर पोर्टवर लावायचं डोंगल लागायचं, म्हणजे त्याशिवाय पॅकेज चालू न देणारी डबी, ते भंगारात गेलं. पण फॉन्ट टाइपरायटरच्या कळांवर बेतलेला असल्याने बरीचशी अक्षरं थेट उमटतात, उरलेली आल्ट धरून चार आकडे दाबून. मला ते जमेना. आईला बोलावलं. चष्मा लावून ती बसली आणि विचारलं, "काय टाइप करू?" मी म्हटलं, काहीही. तिने 'शुभविवाह' टाइप केलं. अर्धा श, मग काना, उकार, अर्धा भ, काना, मग ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व नंतर, कारण या फॉन्टमध्ये जे डावीकडे दिसतं ते आधी दाबायचं. वीस वर्षांनी, कळांकडे न बघता.

"बघ, 'ल' आणि 'श' कसे आहेत," ती म्हणाली. "तुझ्या फोनवर तो हिंदी 'ल' येतो, डोळ्याला टोचतो." यावर वाद नाही.

तिला कागदावर हवं होतं. ८६बॉक्समध्ये एलपीटी पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टला, पोस्टस्क्रिप्ट ही पानाची भाषा समजणारा प्रिंटर जोडता येतो, ती भाषा वाचणारं घोस्टस्क्रिप्ट सोबत असेल तर छापलेलं पान पीडीएफ होऊन पडतं. विंडोज ९८ मध्ये एका जुन्या पोस्टस्क्रिप्ट लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला. १९९९ ची एक पत्रिका छापून गोखले रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणली. आईने ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"अरे देवा. 'शुभार्शीवाद' केलंय मी. रफार 'व'वर हवा, 'श'वर नाही. तीनशे छापल्या होत्या रे, आणि कोणी एका शब्दाने बोललं नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसहून आलो तर लॅपटॉप चालू, वरच्या पट्टीत १००, आणि रफार योग्य जागी. फाइल सेव्ह केलेली. मूळ फ्लॉपीची इमेज मी आधीच वेगळी ठेवली होती, ते तिला अजून सांगितलेलं नाही.