आईला सांगितलेली ‘द अनटेम्ड’

गेल्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं बाहेर पडणं बंद झालं. संध्याकाळच्या मराठी मालिकांना ती दहा दिवसांत कंटाळली. एका रात्री मी दुकान बंद करून आले, जेवणं झाली, आणि मी नेहमीसारखी टीव्हीला मोबाइल जोडून ‘द अनटेम्ड’ ही चिनी मालिका लावून बसले. माझी ती चौथी खेप होती. आई पलंगावरून म्हणाली, “ही पांढऱ्या कपड्यातली पोरं कोण गं? घरात कुणी गेलंय का त्यांच्या?”

मी उडालेच. कारण मूळ कादंबरीत नायक वेई वूशियान या पोरांच्या, म्हणजे लान घराण्याच्या, कपड्यांना हेच म्हणून चिडवतो, सुतकाचे कपडे म्हणून. चीनमध्येही पांढरा रंग शोकाचा. आईने कादंबरी वाचलेली नाही, तिला चिनी येत नाही, इंग्रजीही येत नाही. पण तिने पहिल्याच वाक्यात बरोब्बर तेच विचारलं. मी मालिका थांबवली आणि पहिल्या भागापासून परत लावली.

त्यानंतर श्रावण संपेपर्यंत आमचं हेच चाललं. पन्नास भाग, प्रत्येक पाऊण तासाचा. सबटायटल इंग्रजीत, म्हणून मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. कराडमध्ये माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, दिवसभर बोलून घसा दुखतो, तरी रात्री आवाज कुठून यायचा कोण जाणे.

मी स्वतः ही मालिका पहिल्यांदा पाहिली 2020 साली. दुकान बंद होतं, मी घरी मास्क शिवत होते. मालिका आली होती त्याच्या आदल्या वर्षी, 2019 च्या जूनमध्ये. शाओ जानने वेई वूशियान केलाय आणि वांग ईबोने लान वांगजी. मी आधी बघत बसले ती कपड्यांसाठी. आतला अंगरखा, त्यावर दुसरा, त्यावर वाऱ्यावर उचलला जाणारा एक अगदी झिरझिरीत थर. पांढऱ्यातसुद्धा किती पांढरे! एक दुधासारखा, एक निळीत बुडवून काढल्यासारखा, एक राखेकडे झुकणारा. गळा आपल्या बाराबंदीसारखा एकावर एक येतो, पण डावी बाजू नेहमी वर. उजवी वर आली तर ते मेलेल्या माणसाचं नेसणं. हे कळल्यापासून मी प्रत्येक प्रसंगात आधी गळा बघते.

आणि मग ती कपाळावरची पट्टी. लान घराण्यातली सगळी माणसं कपाळाला एक बारीक पांढरी पट्टी बांधतात, मागे तिची दोन लांब टोकं सोडलेली. नियम असा की आईबाप आणि बायकामुलं सोडून तिला कुणी हात लावायचा नाही. या घराण्याचे नियम दगडावर कोरलेले आहेत, तीन हजार. दारू नको, पळायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. त्या नियमांत वाढलेला लान वांगजी एका गार पाण्याच्या गुहेत वेई वूशियानबरोबर अडकतो. तिथलं जुनं वाद्य परक्यावर हल्ला करतं, लान घराण्याची पट्टी असेल त्याला सोडतं. लान वांगजी एक क्षण थांबतो. मग डोक्यामागे हात नेतो, पट्टी सोडतो, आणि वेई वूशियानच्या मनगटाला गुंडाळतो. पट्टीचं दुसरं टोक त्याच्या स्वतःच्या हातात.

मी रोज वीस-पंचवीस वेळा नाडी ओवते. कापडाची पट्टी हातात घेतल्यावर माणसाची बोटं खरी वागतायत की खोटी, ते मला कळतं. त्या प्रसंगातली वांग ईबोची बोटं मी थांबवून थांबवून बघितली आहेत. तो घाईत आहे, जीव वाचवायचा आहे, आणि तरी गाठ आवळताना तो बघतो खाली, मनगटाकडे, वर चेहऱ्याकडे बघत नाही. मला त्या रात्री झोप आली नाही.

आईला तो प्रसंग दाखवला तेव्हा मी नियम सांगितला. ती म्हणाली, “मग ह्याला कसा लावू दिला हात?” मी म्हणाले, “जीव वाचवायला.” ती काही बोलली नाही. तिने नुसतं “हं” केलं.

त्याआधी पहिल्या दोन-तीन रात्रींतच तिने विचारलं होतं, हा त्याचा कोण. आणि मी म्हणाले होते, “मित्र.”

हे लिहिताना मला वाईट वाटतं. कारण मला माहीत होतं. मो शियांग थोंग श्यो या लेखिकेची ती कादंबरी 2015–16 मध्ये चिनी वेबसाइटवर क्रमशः येत होती, आणि तिच्यात हे दोघे एकमेकांवर प्रेम करतात, शेवटी जोडपं म्हणून राहतात, काही झाकलेलं नाही. अशा कथांना तिकडे ‘दानमेई’ म्हणतात. त्या लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक बायकाच. पण टीव्हीवर ते दाखवायची सोय नव्हती. 2016 च्या सुरुवातीला नियम लागू झाले, त्यांत समलिंगी संबंध ‘असामान्य’ ठरवून ते दाखवायचेच नाहीत असं आलं. त्याच फेब्रुवारीत दोन शाळकरी मुलग्यांच्या प्रेमाची एक मालिका संपायच्या आत काढून टाकली गेली. म्हणून ‘द अनटेम्ड’ करणाऱ्यांनी कादंबरीतली चालती प्रेतं बदलून कळसूत्री बाहुल्यांसारखी माणसं केली, कादंबरीत नसलेलं एक शापित लोखंड आणलं, आणि ‘प्रेम’ हा शब्द काढून तिथे ‘जिजी’ ठेवला.

उच्चार ‘जिजी’ असा ऐकू येतो. आई म्हणाली, “जिजी? आपली जिजी?” आमच्याकडे थोरल्या आत्याला जिजी म्हणायचे. मी तिला अर्थ सांगितला: आपल्याला आतून ओळखणारा. जुनी गोष्ट आहे तिकडे. बो या नावाचा वादक सात तारांचं छिन वाजवायचा. त्याच्या मनात डोंगर असला की ऐकणाऱ्या लाकूडतोड्याला डोंगर दिसायचा, मनात नदी असली की नदी. लाकूडतोड्या गेला तेव्हा बो याने वाद्य फोडलं आणि परत वाजवलं नाही, कारण आता ऐकणार कोण. तर त्या माणसाच्या जागी जो असतो तो जिजी. इंग्रजी सबटायटलवाले ‘सोलमेट’ म्हणतात. मी मराठीत ‘मित्र’ म्हणाले. ‘जिवलग’ म्हणू शकले असते, ‘सखा’ म्हणू शकले असते. तिकडच्या सेन्सॉरने जे केलं तेच मी आमच्या घरात केलं, आणि कुणी सांगितलं नसताना केलं.

कारण आई समोर होती. मला बायका आवडतात. हे मी या ब्लॉगवर आधी लिहिलेलं आहे, घरात बोललेलं नाही. माझ्या मापाच्या वहीत एका पानावरचं माप नऊ वर्षांपूर्वीचं आहे. ती पुण्याला गेली, तिचं लग्न झालं, ती परत शिवायला येणार नाही. गिऱ्हाईक तुटलं की मी पान फाडते. ते पान फाडलेलं नाही. तेव्हा सोळा वर्षं वेई वूशियानची वाट बघणारा लान वांगजी मला कधीच अतिशयोक्ती वाटला नाही.

तर आईचं. साधारण विसाव्या भागाच्या आसपास एका रात्री ती मला मध्येच थांबवून म्हणाली, “तू सांगू नकोस जरा. ऐकू दे.” मग म्हणाली, “सगळी त्याला वेई वूशियान म्हणत्यात. बहीण लाडानं काहीतरी म्हणते. हा एकटाच वेगळं म्हणतो. वेई यिंग.”

ती खरं बोलत होती. चिनी माणसाला पूर्वी दोन नावं असायची, जन्मनाव आणि मोठेपणी मिळालेलं चारचौघांतलं नाव. जन्मनाव घ्यायचं ते थोरल्यांनी, तेही बहुतेक रागावताना, नाहीतर अगदी जवळच्याने. परक्याने घेतलं तर तो अपमान. वेई वूशियान पोरपणी मुद्दाम खोडी काढायला लान वांगजीला ‘लान जान’ म्हणायला लागतो, आणि तो चिडून ‘वेई यिंग’ म्हणतो, आणि मग ते तसंच राहतं, भांडणातून हाक होऊन जातं. सबटायटलमध्ये हे दिसतं, पण मी सांगताना सरसकट ‘तो म्हणाला’ करत होते. आईने कानाने पकडलं.

पकडणारच. आईने बाबांचं नाव आयुष्यात घेतलं नाही. ‘अहो’, ‘ऐकलं का’, शेजारी बोलताना ‘हे’. नाव फक्त उखाण्यात, लग्नात आणि डोहाळजेवणात, लाजून. बाबा मात्र तिला माहेरच्या नावाने हाक मारायचे. लग्नात बदललेलं नाव रेशनकार्डावर, आणि घरात, दार लावून घेतल्यावर, ते जुनं. बाबा गेल्यापासून त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. मामा होता, तोही गेला.

त्या रात्रीपासून तिने मला एकदाही विचारलं नाही की हा त्याचा कोण. उलट दोन दिवसांनी लान वांगजी एकटाच पडद्यावर आला तेव्हा ती म्हणाली, “ह्याचा जोडीदार कुठाय?”

जोडीदार. आमच्याकडे हा शब्द शेतातल्या भागीदाराला चालतो, बैलाला चालतो, नवऱ्याला चालतो, बायकोला चालतो. मी चार वेळा मालिका बघून, कादंबरीचं इंग्रजी भाषांतर आणून वाचून, जो शब्द शोधत होते तो तिच्याकडे आयता होता. पुढचे सगळे भाग मी ‘जोडीदार’ म्हणूनच सांगितले. एकदा वेई वूशियान म्हणतो की मी तुला या जन्माचा जिजी मानलं होतं, आणि लान वांगजी म्हणतो, आजही आहे. मी म्हणाले, “तो म्हणतो, मी तुला जन्माचा जोडीदार मानलं होतं. हा म्हणतो, आजही आहे.” आईने पदराने डोळे पुसले. पाऊस बाहेर इतका की पत्र्यावर दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आता एक गोष्ट मला ठामपणे लिहायची आहे, कारण या मालिकांच्या चाहत्यांत ती फार बोलली जाते. म्हणतात, न सांगितल्यामुळेच सुंदर आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला हे पटत नाही. मूठ त्यांनी आपण होऊन झाकलेली नाही, कुणीतरी वरून दाबून धरली आहे. एका गुहेत तापाने फणफणलेल्या वेई वूशियानला लान वांगजी एक चाल गुणगुणून दाखवतो. तो विचारतो, या गाण्याचं नाव काय? लान वांगजीचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही. नाव असतं ‘वांगशियान’, दोघांच्या नावांतला एकेक अक्षरतुकडा. सुंदर आहे का? आहे. मी तो क्षण कितीदा बघितलाय. पण तो आवाज ऐकायचा हक्क आपल्याला होता. 2021 च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘वर्ड ऑफ ऑनर’ या दुसऱ्या दानमेईवरच्या मालिकेत तर नटांचे ओठ एक बोलतात आणि डबिंग दुसरंच, चिनी येणारे चाहते ओठ वाचत बसले. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने टीव्हीवरच्या ‘बायकी’ पुरुषांविरुद्ध फतवा काढला, दानमेईवरच्या मालिकांचा रस्ता बंद झाला, शूटिंग होऊन तयार असलेल्या मालिका डब्यात गेल्या. ज्यांनी त्या शिवल्या, म्हणजे अक्षरशः त्यातले कपडे शिवले, त्यांचा विचार माझ्या मनात येतो. कुणीतरी हातशिलाई घातली असेल त्या बाह्यांना.

चीनमध्ये समलिंगी असणं 1997 पासून गुन्हा नाही. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला 377 चा फास सुटला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हंगदियानच्या स्टुडिओत आणि ग्वेइजोऊच्या डोंगरात ‘द अनटेम्ड’चं शूटिंग चाललं होतं. निकालाची बातमी आली तेव्हा मी एका नवरीचे पाच ब्लाउज एकटीने कापत होते. मी कात्री खाली ठेवली, पाणी प्यायले, परत उचलली. दुकानात आणखी दोघी होत्या, त्यांना काही कळलं नाही.

शेवटचा भाग आम्ही एका रविवारी दुपारी बघितला. आई तोपर्यंत काठी घेऊन चालायला लागली होती. दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, सबटायटलमध्ये सांगण्यासारखं फारसं काही नसतं. मग डोंगरावर वेई वूशियान एकटा उभा राहून बासरी वाजवतो, तीच चाल. आणि मागून हाक येते. लान जान दिसत नाही. फक्त आवाज.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईच म्हणाली, “वेई यिंग.”

तो वळतो, हसतो, आणि संपतं. कितीतरी चाहते या शेवटावर चिडलेले आहेत, मीही पहिल्यांदा चिडले होते. मी आईकडे बघितलं. माझ्याबद्दल तिला काय कळलंय, कळलंय का, ते मी विचारलेलं नाही, आणि त्या दुपारीही विचारलं नाही.

“वळला ना?” ती म्हणाली.

“वळला.”

“मग झालं.” तिने काठी ओढून घेतली, उठली, चहाचं आधण ठेवायला गेली. आतून म्हणाली, “ते दुसरं म्हणत होतीस, हातात पंखा असतो तो, ते उद्यापासून लाव.”