डीव्हीडीतली 41:40 ची जागा

आजीने म्हटलेलं मंगलाष्टक. आत्याला तेवढंच हवं होतं. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून करून घेतलेली डीव्हीडी दोघींकडेही आहे, म्हणून मी जागा शोधून वेळ कळवली, 13:10. तिचा लगेच फोन, "अगं, इथं तर अजून हळदच चाललीय!"

यात माझे तीन दिवस गेले. मी पुन्हा 13:10 ला गेले तर मलाही भलतंच दिसायचं. कधी अंतरपाट धरताना, कधी थेट अक्षता पडून गेल्यावर. प्लेअर बदलून पाहिला, डिस्क पुसली. दोष डिस्कचा नव्हताच. मी डिस्कवरच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधली दुसरी व्हीओबी फाइल, म्हणजे व्हिडिओचा दुसरा तुकडा, डबल-क्लिक करून उघडत होते. डीव्हीडीवरचा व्हिडिओ 1 जीबीच्या तुकड्यांत असतो. माझा तुकडा सुरूच 28:30 ला होत होता, म्हणून अख्खी डिस्क लावणाऱ्या आत्याच्या प्लेअरवर ती जागा 41:40. शिवाय चॅप्टर, म्हणजे व्हिडिओचा एकेक भाग, कुठून सुरू होतो, केवढा आहे, ही नोंद शेजारच्या छोट्या आयएफओ फाइलीत असते. नुसती व्हीओबी उघडली की ती वाचलीच जात नाही. मग प्लेअर फाइलीच्या आकारावरून वेळेचा अंदाज बांधतो. शांत बसलेल्या भटजींना डेटा कमी लागतो, अक्षतांच्या पावसाला जास्त. त्यामुळे अंदाज नेमका तिथेच चुकत होता.

तेव्हा फाइल उघडू नका, डिस्क उघडा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कंट्रोल-डी दाबून अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर दाखवा, मग कंट्रोल-टी दाबून वेळ टाका. हार्ड डिस्कवर कॉपी करताना आयएफओ फाइली मागे ठेवू नका, लहान दिसल्या तरी.

कॅसेटची डीव्हीडी करून देणाऱ्या दुकानदाराने सरसकट दर 5 मिनिटांनी चॅप्टर टाकले होते. याचा मला फार राग आला होता, कारण सप्तपदी मधोमध तुटते. पण निरोप द्यायला तेच कामी आले: "चॅप्टर 9, पुढे 1 मिनिट 40 सेकंद."

एवढं करूनही अर्धा सेकंद मागेपुढे होऊ शकतं. डीव्हीडीवरचा व्हिडिओ ज्या पद्धतीने साठवतात त्या एमपेग-2 मध्ये पूर्ण चित्र साधारण तेवढ्या अंतराने असतं, बाकीची त्याच्या आधाराने बनतात. म्हणून दोन सेकंद आधीची वेळ कळवा. एका-एका फ्रेमने पुढे जायला व्हीएलसीत ई दाबायचं.

रात्री आत्याचा फोन आला. मागे "सावधान" ऐकू येत होतं. ती काही बोलली नाही, मीही फोन ठेवला नाही.