गोझोच्या किनाऱ्याने तीन दिवस

सह्याद्रीत वर्षानुवर्षे चालल्यावर पायांना काळ्या कातळाचा एक भरवसा वाटू लागतो. तो कोरडा असला की बूट त्यावर घट्ट बसतो, खोबणीत पाय टाकला की ती सहसा दगा देत नाही, आणि जपायचे असते ते घसाऱ्याला, शेवाळाला आणि वाळलेल्या गवताला. मार्चच्या अखेरीस मी आणि ताई भूमध्य समुद्रातल्या माल्टा द्वीपसमूहात किनाऱ्याने चालायला गेलो, तेव्हा हा भरवसा पहिल्या दोन तासांतच बाजूला ठेवावा लागला.

या द्वीपसमूहात माणसांची वस्ती असलेली बेटे तीनच. थोरले माल्टा, धाकटे गोझो आणि दोहोंच्या मध्ये चिमुकले कोमिनो, ज्याचे नाव जिऱ्यावरून पडले असे मानतात. आम्ही निवडले ते गोझो. स्थानिक लोक त्याला ‘आउदेश’ म्हणतात. लांबी सुमारे १४ किलोमीटर, क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर. म्हणजे तीन दिवसांत किनाऱ्याचा बराचसा भाग पायाखालून जाऊ शकतो. माल्टाच्या टोकावरील चिर्केव्वा धक्क्यावरून फेरी निघते आणि सुमारे पंचवीस मिनिटांत गोझोच्या म्जार बंदराला लागते. गंमत अशी, की आम्हाला बोटीत चढताना कोणी तिकीट विचारले नाही. भाडे घेतात ते गोझो सोडताना.

पहिल्या दिवशी रामला इल-हम्रा या तांबूस वाळूच्या पुळणीपासून पश्चिमेला मार्सालफॉर्नकडे निघालो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. उतारावर करड्या-निळसर मातीची वाट लागली आणि ताईने, जी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेली आहे, साध्या पायवाटेवर सपशेल बसकण मारली. तिला हात द्यायला गेले तर माझा डावा बूट घोट्यापर्यंत रुतला आणि पाय मोजा घेऊन वर आला, बूट तिथेच राहिला. “हा कातळ नाही गं, कुंभाराचा गारा आहे,” असे ती बसल्या जागेवरून म्हणाली, आणि ते शब्दशः खरे होते.

मधला एक पातळ थर सोडला, तर या बेटांचा खडक चार थरांचा आहे. सगळ्यांत वर कठीण प्रवाळी चुनखडी, तिच्याखाली ही निळी चिकणमाती, त्याखाली मऊ, मधाच्या रंगाची चुनखडी, जिच्या चिऱ्यांनी इथली घरे आणि चर्च बांधली आहेत, आणि तळाशी पुन्हा कठीण प्रवाळी चुनखडी, जिचे उभे कडे थेट समुद्रात उतरतात. वरच्या चुनखडीतून झिरपणारे पाणी चिकणमातीशी अडते आणि तिथेच झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. नदी नसलेल्या या बेटावर शेते हिरवी दिसतात ती बऱ्याच अंशी या मातीच्या कृपेने. तेव्हा तिला शिव्या देण्याचा आमचा अधिकार मर्यादितच होता. हा खडक सगळा समुद्राच्या तळाशी साचलेला, आणि त्यातला जुन्यातला जुना थरही तीन कोटी वर्षांच्या आतला. दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. दिसायला हे कडे कितीही पुरातन वाटले, तरी वयाने थोरला आपला सह्याद्रीच.

दुसरा दिवस मुख्य चालीचा होता: मार्सालफॉर्नपासून उत्तर किनाऱ्याने पश्चिमेच्या द्वेयरापर्यंत. गावाबाहेर पडताच गडगे सुरू झाले. चुना-माती न वापरता दगडावर दगड रचून केलेली ही कुसे पाहून कोकणात आल्यासारखेच वाटले, फरक इतकाच की इथे जांभ्याऐवजी पांढरट चुनखडी आणि कडेला निवडुंगाची दाट झाडी. एका गडग्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरांत मोठ्याने ‘आरटीओ’ असे लिहिलेले होते. पुढच्या दगडावरही तेच. ताईने गंभीरपणे विचारले, “लायसन आणलंय ना?” ती अक्षरे ‘राखीव’ या अर्थाच्या इटालियन शब्दाचा संक्षेप आहेत आणि पक्ष्यांची शिकार करणारे लोक आपली जागा त्याने राखतात, हे नंतर कळले. शिकार हा इथला नाजूक विषय आहे. वसंतातली शिकार बंद करावी का, यावर २०१५ साली सार्वमत झाले आणि ती चालू ठेवणारी बाजू अगदी निसटत्या बहुमताने जिंकली. आम्ही अशा पाट्या दिसल्या की वाट सोडत नव्हतो, एवढेच.

श्वेयनीची मिठागरे मात्र थांबून पाहण्यासारखी आहेत. आपल्याकडे मिठागर म्हणजे खाडीकाठची चिखलट जमीन चोपून, बांध घालून केलेले आगर. इथे ते सगळे खडकात कोरलेले आहे. समुद्राच्या पातळीला आलेल्या मऊ चुनखडीच्या सपाटीवर हातभर-दोन हात लांबीरुंदीचे शेकडो चौकोनी वाफे छिन्नीने खोदलेले आहेत, आणि दोन वाफ्यांमधली भिंत काही ठिकाणी इतकी अरुंद की तिच्यावरून चालताना एकापुढे एकच पाऊल टाकावे लागावे. एक वृद्ध गृहस्थ गुडघ्यावर बसून खराट्याने एका वाफ्याचा तळ घासत होते. हिवाळाभर साचलेले शेवाळ आणि गाळ काढल्याशिवाय मीठ पांढरे येत नाही, असे त्यांनी इंग्रजीत सांगितले. मोठ्या कुंडांत समुद्राचे पाणी घ्यायचे, ते उन्हाने तापून दाट झाले की लहान वाफ्यांत सोडायचे, आणि कोरड्या उन्हात आठवडाभरात खाली मीठ धरते. मग ते झाडून ढीग करायचे. मध्येच पाऊस आला तर सगळी मेहनत वाया. मी म्हटले, आमच्याकडेही मीठवाल्याला पावसाचीच धास्ती असते. त्यांनी खराटा न थांबवता विचारले, “तुमच्याकडे किती महिने पडतो?” चार, असे सांगितल्यावर ते प्रथमच मान वर करून आमच्याकडे नीट पाहू लागले.

इथल्या लोकांची बोली कानाला अनोळखी असूनही मधूनच एखादा शब्द ओळखीचा निघतो. माल्टी भाषा अरबी कुळातली, पण लिहिली जाते रोमन लिपीत. जग म्हणजे ‘दिन्या’, पुस्तक म्हणजे ‘क्तिएब’, काळ म्हणजे ‘झ्मिएन’. आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेले दुनिया, किताब आणि जमाना हेच की! मीठ म्हणजे ‘मेलह’, आणि पुढच्या दरीचे नाव विएद इल-मिएलाह, म्हणजे खारी दरी.

त्या दरीच्या तोंडाशी समुद्राने खडकात कोरलेली एक कमान अजून उभी आहे. ‘अजून’ म्हणण्याचे कारण असे, की तिची कितीतरी प्रसिद्ध बहीण, द्वेयराची ‘अझ्युर विंडो’, ८ मार्च २०१७ रोजी सकाळी वादळात कोसळली. कमानीच्या माथ्यावर जाण्याची हौस आम्ही आवरली. चुनखडी वरून अखंड दिसते, पण लाटा खालून तिचा पाया पोखरत असतात, आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्याखाली किती खडक उरला आहे हे कळायला मार्ग नसतो. रायगडच्या टकमक टोकावर मी पोटावर झोपून खाली पाहिले आहे. इथे मी काठापासून चार-पाच हात दूर राहूनच फोटो काढले.

पुढे सान दिमित्रीचे एकाकी लहान देऊळ लागते, चर्चच, पण आकाराने आणि एकटेपणाने देऊळच वाटते. त्याची कथा अशी: एका म्हातारीचा एकुलता मुलगा समुद्री चाच्यांनी पळवून नेला. तिने संताला नवस बोलला, की मुलगा परत आण, तुझ्या दिव्याला तेल घालीन. संत चित्रातून घोड्यावर बसून बाहेर पडला आणि मुलाला घेऊन आला. तिने बोललेला नवस फेडला. पुढे ते जुने देऊळ कड्यासकट समुद्रात गेले, तरी दिवा पाण्याखाली अजून जळतो म्हणतात. कथेतले पळवून नेणे मात्र कल्पित नाही. १५५१ साली उस्मानी आरमाराने गोझोवर धाड घालून सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे बेटाची जवळजवळ सगळी लोकसंख्या, गुलाम म्हणून नेली. किनाऱ्यावरचे टेहळणीचे बुरूज याच भीतीतून उभे राहिले: श्लेंदीचा १६५०चा, द्वेयराचा १६५२चा, म्जार इश-शिनीचा १६६१चा.

द्वेयराला पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती. बुरुजासमोर समुद्रात एक प्रचंड सुळका उभा आहे, फंगस रॉक, म्हणजे बुरशीचा खडक. त्याच्या माथ्यावर उगवणारी एक गडद तांबडी वनस्पती रक्तस्राव थांबवते, असा तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांचा समज होता. १७४६ साली त्यांनी सुळक्यावर पहारा बसवला. माणसे किनाऱ्यावरून दोरावरच्या पेटीत बसून तिकडे जात आणि चोरी करणाऱ्याला गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा होई. ती बुरशी नव्हेच, दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणारे बांडगूळ आहे, आणि औषधी गुण म्हणाल तर तसा काही सिद्ध झालेला नाही. कोसळलेल्या कमानीच्या जागी आता नुसते पाणी आहे. पण तिच्या अलीकडच्या सपाटीवर वाकून पाहिले, तर खडकात बशीसारखे चपटे गोल आकार दिसतात, त्यांवर फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी. हे समुद्री अर्चिन या काटेरी कवचाच्या समुद्री जीवाचे जीवाश्म. ताई त्यांच्या कडेकडेने, एकही तुडवला जाणार नाही अशा बेताने चालली होती. रांगोळी ओलांडताना चालतो तशी.

तिसऱ्या दिवशी श्लेंदीहून ता चेंचच्या कड्यांवर चढलो. शंभर मीटरपेक्षा उंच, सरळसोट भिंत आणि माथ्यावर धारदार, खाचखळग्यांचा चुनखडीचा माळ, ज्याने माझ्या बुटांच्या तळव्याचे दोन तुकडे सोलून काढले. एका खडकावर निळा शैलकस्तूर बसला होता. हा माल्टाचा राष्ट्रीय पक्षी, आणि याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्या गडांच्या तटांवर दिसतात. वाऱ्यामुळे फार वेळ उभे राहता येईना, म्हणून दुपारीच म्जार इश-शिनीच्या खाडीत उतरलो आणि तिथून बंदराकडे निघालो.

बंदरावर तिकिटासाठी रांग होती. बुटांच्या खोबणीत पहिल्या दिवशीची माती अजून होती, पण वाळून राखाडी भुकटी झालेली, आणि रांग पुढे सरके तशी ती खिडकीपर्यंतच्या फरशीवर थोडी थोडी सांडत गेली.