एकच जागा, पूर्ण सुट्टी

आज परत तोच प्रश्न आला, सुट्टीत काय काय कव्हर करणार? एकच जागा, पूर्ण सुट्टी तिथंच, असं सांगितलं तर मैत्रीण म्हणाली अगं पण कंटाळा येईल ना. तिला तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहून काढते.

कंटाळा येऊ दे की! मागच्या सुट्टीतली एक दुपार आहे, काहीच करायचं नव्हतं, फोन आत बॅगेत, मी पायरीवर बसलेली आणि लेक आता काय करू, आता काय करू म्हणत येरझाऱ्या घालतेय. मी मुद्दाम काहीच सुचवलं नाही. थोड्या वेळानं बघते तर ही जमिनीवर पालथी, हनुवटी हातावर, आणि समोर मुंग्या मेलेल्या चतुराचा एक पंख ओढत नेतायत. वारा आला की पंख उभा व्हायचा आणि त्याला धरलेल्या मुंग्या लोंबकळायच्या, पडायच्या, परत येऊन धरायच्या. भिंतीच्या फटीपाशी पोचल्यावर पंख आत जाईना. आडवा करून बघितला, तरी जाईना, मग कडेनं कुरतडायला लागल्या. ऊन सरकत सरकत पोरीच्या पाठीवर आलं तरी ती हलली नाही. आजही कुणी सुट्टीबद्दल विचारलं की ती आधी हेच सांगते, आणि दरवेळी तिला त्यातलं काहीतरी नवीन आठवतं.

वस्तूचं नेमकं उलटं होतं ना, नवी आणली की चार दिवस कौतुक, मग ती घरातलीच एक होऊन जाते, वर ती पुसा, सांभाळा, तिच्यासाठी जागा करा. लीफ व्हॅन बोव्हन आणि थॉमस गिलोविच ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ह्यावर पेपर लिहिलाय. लोकांना विचारलं, आनंदासाठी घेतलेली एखादी वस्तू आठवा आणि आनंदासाठीच पैसे घालून घेतलेला एखादा अनुभव आठवा, जास्त सुख कशानं मिळालं? बहुतेकांचं उत्तर अनुभव. पण ह्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. २०१८ मध्ये दुसऱ्या काही संशोधकांनी दाखवलं की ज्यांच्याकडे पैसा कमी आहे त्यांना वस्तूंमधूनही तेवढाच, कधी कधी जास्त आनंद मिळतो. पटतंच. ज्या घरात पोरांना अभ्यासाला टेबल नाही तिथं टेबल येणं हीच केवढी मोठी गोष्ट! वस्तू नकोत म्हणायला आधी गरजेच्या वस्तू घरात असाव्या लागतात. म्हणून मिनिमलिझम, म्हणजे मोजक्याच वस्तूंत राहणं, मी कुणाला शिकवायला जात नाही, आमच्याकडे पुरेसं आहे म्हणून आमच्यापुरतं बोलतेय.

मला खरा राग येतो तो अनुभवांच्याच खरेदीचा. पहाटे उठा, ह्या पॉइंटवर वीस मिनिटं, त्या पॉइंटवर फोटो, चला चला गाडी सुटेल. हेही शॉपिंगच झालं, पिशवीऐवजी फोनची गॅलरी भरायची एवढंच. नेदरलँड्समधल्या १,५३० लोकांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये आला होता. सुट्टीला जाणारी माणसं जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त खूश होती, पण परत आल्यावर बहुतेकांच्यात आणि न गेलेल्यांच्यात काही फरकच उरला नाही, ज्यांची सुट्टी एकदम निवांत गेली तेवढ्यांचाच आनंद पुढे काही काळ टिकला. म्हणजे बघा, वाट बघण्यातला आनंद आणि निवांतपणा, दोन्हीला पैसे पडत नाहीत. त्यामुळे वाट बघण्याचे दिवस आम्ही होतील तेवढे वाढवतो, नकाशा कधीपासून भिंतीवर लावलाय, लेकीनं लायब्ररीतून पक्ष्यांचं पुस्तक आणलंय आणि तिथं कोणते दिसू शकतील त्याच्या खुणा करून ठेवल्यात (कागदाच्या चिठ्ठ्या घालून, पुस्तकावर नाही).

फोटोंचं पण ठरलंय, दिवसभर वही, फोन संध्याकाळी. लिंडा हेन्केल यांनी म्युझियममध्ये एक प्रयोग केला होता, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तर आठवण टिकत होती, म्हणजे नीट बघितलं की राहतं. चित्र काढायचं तर नीट बघावंच लागतं, मला येत नाही धड तरी मी काढते.

बाकी खर्चाचं म्हणाल तर गर्दीचा सीझन टाळायचा, दिवसाची हळू जाणारी गाडी घ्यायची कारण खिडकीतून बघणं हा सुट्टीचाच भाग आहे, आणि प्रत्येकानं स्वतःला उचलेल एवढीच सॅक घ्यायची, कपडे रात्री धुवून वाळत टाकायचे. पण तिथला माणूस बरोबर घेऊन जंगलात फिरणार असू तर तो सांगेल ते पैसे, तिथं घासाघीस नाही. आपली काटकसर दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन करायची नसते.

सगळ्यांसाठी आठवण म्हणून वस्तू आणायचं ह्या वेळी बंद केलंय. आत्याला वाईट वाटेल का अशी चर्चा झाली तेव्हा लेक म्हणाली मी तिथून पत्र लिहीन, मुंग्यांसारखं काही दिसलं तर त्याचं चित्र पण काढेन. पोस्ट ऑफिस कुठे आहे ते बघून ठेवलंय, पाकिटं आणि तिकिटं सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकलीत. आत्याचा नवीन पत्ता तेवढा उद्या तिच्या मुलाकडून घ्यायचाय, तिला विचारलं तर लगेच कळेल.