ह्यूमन आफ्टर ऑल: पाट्या टाकल्या की मुद्दाम केलं?

डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीच्या फॅन मंडळींमध्ये भांडण लावायचं असेल तर 'ह्यूमन आफ्टर ऑल' या अल्बमचं नाव काढायचं, बाकी काही करावं लागत नाही. त्याआधीच्या दोन अल्बमपैकी 'होमवर्क' भारी की 'डिस्कव्हरी' यावर पण वाद होतात पण तो लाडाचा वाद असतो, दोन्ही आवडत असतातच सगळ्यांना. या अल्बमचं तसं नाहीये. एक गट म्हणतो सरळसरळ पाट्या टाकल्यात, दुसरा गट म्हणतो तुम्हाला कळलाच नाही, आणि मार्च २००५ मध्ये आल्यापासून हे जे चालू आहे ते अजून चालूच आहे.

तेव्हाचा राग समजून घ्यायला 'डिस्कव्हरी' आठवावा लागतो. २००१ चा अल्बम, एकेका गाण्यात चार गाण्यांचा ऐवज, चमचमतं डिस्को, ते सोलो, ते आवाज. त्यानंतर चार वर्षं लोक वाट बघत बसलेले आणि हातात काय आलं तर दहा ट्रॅक, त्यातला एक 'ऑन/ऑफ' म्हणजे तर वीस सेकंद पण नाही, नुसता टीव्हीचे चॅनल बदलल्याचा आवाज. बाकीच्यांत एक खरखरीत रिफ (म्हणजे परत परत येणारा सुरांचा छोटा तुकडा), एक ड्रमचा ठोका, व्होकोडरमधून, म्हणजे आवाज रोबोटसारखा करणाऱ्या यंत्रातून येणारं एखादं वाक्य, आणि तेच शेवटपर्यंत. त्यात हे सगळं सहा आठवड्यात उरकलंय हे बाहेर आलं आणि मग तर काय, लोकांना कोलीतच मिळालं.

हे सहा आठवड्यांचं प्रकरण मला कधीच पटलं नाही. म्हणजे आकडा बरोबर आहे, २००४ च्या शेवटी थोडक्यात रेकॉर्ड केला त्यांनी, मोजकी यंत्रं घेऊन, गिटार, ड्रम मशीन, व्होकोडर, झालं. आणि ते त्यांनी लपवलं पण नाही. पण किती दिवस लागले यावर गाणं कसं आहे ते कसं ठरणार? दोन वर्षं घासून केलेले टुकार अल्बम काय कमी आहेत का. ऐकणाऱ्याला हिशेब कळला की तो कानाने ऐकायचं सोडून हजेरीपट आधी बघायला लागतो, आणि हे इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या बाबतीत जरा जास्तच होतं कारण मुळात अर्ध्या लोकांना वाटतच असतं की मशीन सगळं करतं, हे नुसतं बटण दाबतात.

दुसरी तक्रार म्हणजे तेच तेच दळण. यात तथ्य आहे पण लोक ती चुकीच्या पद्धतीने करतात असं मला वाटतं. अरे डाफ्ट पंक ऐकताय आणि रिपीट होतं म्हणून रडताय? 'होमवर्क'मधलं 'अराउंड द वर्ल्ड' घ्या, अल्बमवरच्या सात मिनिटांत ते तीन शब्द १४४ वेळा येतात, लोकांनी बसून मोजलेत. आणि त्याला कोणी कंटाळवाणं म्हणत नाही. का, तर शब्द जागेवर उभे असले तरी खाली सतत काहीतरी हलत असतं, बेस चालतो, मग फक्त ड्रम उरतात, मग बेस परत येतो आणि मागून दुसरीच एक ट्यून डोकावते, फिल्टर हळूहळू उघडतो आणि दबलेला आवाज मोकळा होतो. आपण ऐकतो ते त्या हालचालीला, शब्द आपले खुंटीसारखे.

आता याच कानाने 'रोबोट रॉक' ऐका. सुरुवातीलाच तो प्रचंड रिफ येतो, पहिले तीस सेकंद जबरदस्त, मान आपोआप हलायला लागते. आणि मग पुढची चार मिनिटं तो जवळजवळ तसाच येत राहतो. ड्रम थोडे इकडेतिकडे होतात, आवाज दोन शब्द म्हणतो, बास. आणि तो रिफही त्यांचा स्वतःचा नाही, ब्रेकवॉटर नावाच्या फंक बँडच्या १९८० च्या 'रिलीज द बीस्ट'मधून उचललेला आहे. यावरूनही बरीच बोंबाबोंब झाली, चोरी वगैरे, पण त्याला काही अर्थ नाही, क्रेडिट दिलेलं आहे आणि सँपलिंगवर, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमधले तुकडे घेऊन गाणं करण्यावर, तर यांचं अर्धं घर उभं आहे. अडचण उचलण्याची नाही, उचलून पुढे काही केलं नाही ही आहे. 'डिस्कव्हरी'मध्ये सँपल कापून, उलटसुलट जोडून त्यातून नवीनच चाल निघायची, इथे सँपल आणून ठेवलंय नुसतं.

पण मग 'टेक्नॉलॉजिक' येतं आणि माझा सगळा युक्तिवाद अडचणीत येतो. ते पण तसंच कोरडं, तसंच एका जागी. पण त्यावर तो चिरका, लहान पोराच्या रोबोटसारखा आवाज एकामागून एक हुकूम सोडत जातो, हे घे ते मोड हे जोड ते पुस, श्वास न घेता, आणि दुसऱ्या मिनिटाला तुम्ही ठेका ऐकताय की यादी ऐकताय हेच कळत नाही. ते गाणं मला अजून थोडं भीतीदायक वाटतं, चांगल्या अर्थाने. आणि 'द प्राइम टाइम ऑफ युअर लाइफ'चा शेवट! ठोका वेगाने वाढत जातो, वाढत जातो, इतका की ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, नुसती घरघर उरते. हेडफोनवर मोठ्याने ऐकलंत तर अक्षरशः दात आवळले जातात. हे पाट्या टाकणाऱ्या माणसाला सुचत नाही.

आता दुसऱ्या गटाकडे वळू. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे 'अलाइव्ह २००७' हा लाइव्ह अल्बम. गोष्ट सगळ्यांना माहिती आहे, एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला म्युझिक फेस्टिव्हलला डाफ्ट पंकचे ते दोघं पिरॅमिडमध्ये बसून अवतरले, लोक वेडे झाले, फोनवर आणि छोट्या कॅमेऱ्यांवर काढलेले हलते व्हिडिओ नेटभर फिरले, तेव्हा यूट्यूब पण नवीनच होतं. मग वर्षभराने पॅरिसच्या बेर्सी स्टेडियममधला शो रेकॉर्ड होऊन अल्बम आला आणि २००९ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. आणि त्या शोमध्ये 'ह्यूमन आफ्टर ऑल'ची गाणी ठासून भरलेली आहेत, सुरुवातच 'रोबोट रॉक'ने होते. तेव्हापासून हे लोक म्हणतात की बघा, अल्बम चांगलाच होता, तुम्हालाच उशिरा कळलं.

थांबा जरा. त्या शोमध्ये 'टेलिव्हिजन रूल्स द नेशन' एकटं वाजतं का? त्याच्यावर जुन्या अल्बममधलं 'क्रेसेंडॉल्स' चढवलंय. 'स्टीम मशीन'ला 'टू लाँग' जोडलंय. 'द ब्रेनवॉशर'च्या शेजारी 'रोलिन अँड स्क्रॅचिन' आहे. म्हणजे त्यांनी स्वतःच काय केलं तर ज्या गाण्यांमध्ये हालचाल नव्हती त्यात जुन्या गाण्यांतली हालचाल ओतली. 'टेलिव्हिजन...'चा तो जड, गंभीर रिफ सुरू असतो आणि त्यातून 'क्रेसेंडॉल्स'ची आनंदी आरडाओरड फुटते तेव्हा अंगावर काटा येतो हे मान्य, पण तो काटा दोघांचा मिळून आहे. मला तर उलट वाटतं की 'अलाइव्ह २००७' हा टीका करणाऱ्यांच्या बाजूचा पुरावा आहे. नुसता सांगाडा होता, त्याला मांस लाइव्हमध्ये लागलं. (हे मी एका ग्रुपवर लिहिलं होतं तर एकाने मला सरळ ब्लॉक केलं, एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण होतं देव जाणे.)

त्यांचा अजून एक मुद्दा असतो, की कंटाळा हाच तर विषय आहे, टीव्ही, मशीन, माणसाचं यंत्र होणं, तुम्हाला बोअर झालं म्हणजे अल्बम यशस्वी झाला. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. या न्यायाने कुठलीही रटाळ गोष्ट महान ठरवता येईल की! बोअर करणं हेतुपुरस्सर असेलही, पण मग ऐकणाऱ्याने बंद केलं तर ते पण हेतुपुरस्सरच ना, त्याच्यावर कशाला चिडता.

मात्र एक गोष्ट या गटाची खरी आहे, पहिल्या झटक्यात दिलेल्या निकालावर फार विसंबू नये. आज ज्याला सगळे देव मानतात त्या 'डिस्कव्हरी'ला पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या वेबसाइटने २००१ मध्ये १० पैकी ६.४ दिले होते आणि वीस वर्षांनी २०२१ मध्ये स्वतःच ते १० केले. 'होमवर्क'वाल्या जुन्या फॅन्सना तेव्हा ते फारच गोडगोड वाटलं होतं, त्यातल्या 'वन मोर टाइम'च्या त्या मशीनमधून काढलेल्या आवाजावरून तर केवढं रामायण झालं. आणि 'ह्यूमन आफ्टर ऑल'चा तो फाटका, खरखरीत आवाज पुढच्या दोन-तीन वर्षांत किती जणांनी उचलला बघा, जस्टिस या दुसऱ्या फ्रेंच जोडीने तर याच अल्बमच्या टायटल ट्रॅकचं रीमिक्स केलं आणि २००७ ला स्वतःचा अल्बम काढला तो त्याच जातीचा. म्हणजे पिकलं काहीतरी नक्की, फक्त दुसऱ्यांच्या शेतात जास्त.

मग माझं मत काय? अर्धा अल्बम. टायटल ट्रॅक, 'प्राइम टाइम', 'टेक्नॉलॉजिक', 'टेलिव्हिजन...', आणि 'मेक लव्ह', ज्याच्याबद्दल दोन्ही गट काहीच बोलत नाहीत कारण ते कोणाच्याच बाजूचं नाही. संथ, हलकी गिटार, थोडासा पियानो, आणि मजा म्हणजे ते पण तेवढंच रिपीट होतं पण तिथे कोणाला त्रास होत नाही, कारण आवाज अंगावर येत नाही. 'स्टीम मशीन' मी कायम स्किप करतो. आणि शेवटचं 'इमोशन' सात मिनिटांचं आहे, एक शब्द, सात मिनिटं, ते तीनमध्ये आटपायला हवं होतं, किंवा सरळ काढून टाकून 'मेक लव्ह'वर अल्बम संपवायचा.